नवसागर

मोक्पोच्या पलीकडे, खाडीकाठच्या यार्डात
सोळा वेल्डर बाकांवर बसलेले.
मेंग ह्ये-रिम बाई, वय एकतीस, हेल्मेटवर सशाचं स्टिकर,
बोटाएवढी कुपी उघडून
एकेकाच्या नाकाखाली धरते.
(मी तिथे रंगाची जाडी मोजायला गेलेलो. मला कुपी मिळाली नाही.)

हे नवं इंधन, ती म्हणते. अमोनिया.
यात कार्बन नाही, म्हणून काजळी नाही.
उणे तेहेतीसला ठेवलं की टाकीत पाण्यासारखं पडून राहतं,
आणि जळायला इतकं आळशी
की आधी डिझेलचा थेंब पेटवून उठवावं लागतं.

पहिला खोकला. दुसऱ्यानं मान फिरवली.
तिसऱ्याच्या डोळ्यांना धारा; म्हणाला, बायकोला सांगू नका.
सातवा मा जे-सप.
त्यानं हुंगलं.
पुन्हा हुंगलं.
त्याला भूक लागली.

कारण त्याची आई जोम-सुन
बेचाळीस वर्षं मासळीबाजारात होंगो विकते:
मातीच्या रांजणात, भाताच्या पेंढ्यात पुरून
मुरवलेला पाकट.
परगावचा माणूस वासानंच रस्ता ओलांडतो.
म्हणे पूर्वी बेटांवरच्या होड्या नदीनं वर यायच्या,
वारा पडायचा, तळातली मासळी सडायची,
सगळी फेकायची. एकदा कुणीतरी पाकट तेवढा खाल्ला
आणि मेलं नाही.
तेव्हापासून त्याच्यावाचून ना लग्न, ना मयत.
शाळेत जे-सपच्या शेजारी कुणी बसत नसे.

काही झोंबलं नाही? बाई विचारते.
घरी गेल्यासारखं वाटलं, तो लाजत म्हणतो.
पंधरा जण हसले.
बाई हसली नाही. वहीत त्याच्या नावाखाली
रेघ मारली.
मग भाव सांगावा तशा आवाजात:
तुम्ही आधी मराल.
ज्याला झोंबतं तो पळतो.
ज्याची ओळख असते तो थांबतो,
आणि ओळखीचा वास पाचव्या मिनिटाला
वास राहत नाही.

माझ्या भाषेत याच्या क्षाराला नवसागर म्हणतात.
कल्हईवाला तापल्या पातेल्यात चिमूट टाकायचा,
पांढरा धूर, कापसाचा बोळा, आणि तांबं आतून उजळायचं.
शब्द फारसीतून घसरत आला म्हणतात;
असेल.
त्या बाकावर बसून मला मात्र पहिल्यांदा
त्यातला समुद्र ऐकू आला.

उन्हाळाभर जे-सप नळीत नळी बसवत राहिला.
आतून इंधन, भोवतीच्या पोकळीतून सतत खेचली जाणारी हवा;
गळलंच तर खोलीत यायच्या आत
तिथेच पकडायचं.
आईनं रांजणात रांजण ठेवला असता, तो म्हणाला,
तर मला मित्र असते.
छातीवर पिवळा सेन्सर, काडेपेटीएवढा.
पंचविसाच्या वर आकडा गेला की ओरडायचं,
एवढी एकच अक्कल त्याला दिलेली.

चुसोकच्या सुट्टीत तो थेट यार्डातून बाजारात गेला,
सेन्सर काढायचा राहिला.
आई झाकण सरकवून कोपरापर्यंत पेंढ्यात गेली
आणि ते ओरडलं.
शेजारचा शिंपलेवाला सुरी हातात धरून उभा राहिला.
एक कुत्रं गेलं.
जे-सप दोन पावलं मागे सरला होता.
त्या रांजणापासून, आयुष्यात पहिल्यांदा.
आईनं पाहिलं ते.

काय म्हणतंय तुझं यंत्र?

पळ म्हणतंय.

ती वाकली, गुलाबी, कुर्चेचा एक तुकडा कापला,
जुन्या किमचीत गुंडाळला,
त्याच्या तोंडासमोर धरला.
सेन्सर वाजतच होता.

मग खाऊन पळ.