चव्वेचाळिसावं

पित्रे सरांच्या वहीतली शेवटची नोंद:
'बेटांवर उरली त्रेचाळीस. आपलं धरून चव्वेचाळीस.'
आपलं, म्हणजे हे.
डेक्कनच्या मागच्या गल्लीत, कुंपणाला टेकून,
रंगाच्या जुन्या बादलीत.

जास्वंदीच्याच कुळातलं. तिची लांबची, अबोल बहीण.
सर गेल्यापासून नुसती पानं.
येणारे-जाणारे सांगायचे, चहापत्ती घाला,
अंड्याची टरफलं, ताक.
मी घातलं सगळं.
शिवाय अमावास्येला चिमूटभर खडेमीठ
(हे वहीत नाही, माझं मीच),
समुद्राची आठवण येत असेल तर, म्हणून.

परवा कळी दिसली. काल फुगली.
रात्री दोनदा टॉर्च घेऊन जाऊन आले,
बाळंतिणीच्या खोलीत डोकवावं तशी.

सकाळी सहाला नुसता देठ,
टोकाला चिकाचा थेंब.

दातारकाका.
आकडा लावलेली काठी, दुधाची धुतलेली पिशवी,
पहाटेची कुंपणाकुंपणाची फेरी.
दार उघडंच होतं त्यांचं.
देव्हाऱ्यात, पितळी गणपतीच्या मस्तकावर ती:
फिकट, कडेला जरा गुलाबी,
केसरांचा दांडा पुढे काढून
वेडावून दाखवल्यासारखी.

"जास्वंद वेगळीच निघाली तुमची," काका म्हणाले.
"वास आहे हिला. जास्वंदीला कधी वास असतो?"

मी सांगणार होते
की तिकडे गलबतांतून शेळ्या उतरवल्या कुणी,
त्या खात खात कड्यापर्यंत गेल्या.
की वाकड्या चोचीचा एक पक्षी होता हिचा,
तो आधीच संपला,
आणि ही अजून
त्याच्याच चोचीच्या मापाचं फूल शिवते.

काका निरांजन लावत होते.
काडी दोनदा विझली. हात कापतो त्यांचा हल्ली.
वास खोलीभर पसरला होता,
कुठल्याच ओळखीच्या वासाशी नातं न सांगणारा.
मीही हात जोडले.
कुणाला, ते विचारू नका.

घरी येऊन पुठ्ठा कापला, स्केचपेन शोधलं.
'फुले तोडू नयेत' तर गल्लीत प्रत्येक फाटकावर आहे.
मी लिहिलं, 'या झाडाची जगात फक्त'
आणि आकड्यापाशी अडले.
वहीतल्या नोंदीला अकरा वर्षं झाली.

पुठ्ठा तसाच बादलीला टेकवून ठेवलाय.
दुपारी एक शिंजीर आला.
देठाशी भिरभिरला, थांबला,
वाकडीच की याचीही चोच,
मग शेजारच्या पपईकडे गेला.