कारण न देता

नागभीडच्या अलीकडे, फाट्यावर आमचं गाव.
गावात शिलाई मशीन तीन, त्यातलं एक माझं,
पायानं चालणारं.
पाय डावा. तोच.
लोक हत्तीपाय म्हणतात, मी नुसतं पाय म्हणते.
दुसऱ्याबद्दल कोणी विचारतच नाही.

रोशनी उईके आली तेव्हा मोहफुलं वेचून झाली होती.
खांद्यावर थंड पेटी, गळ्यात ओळखपत्र.
खुर्ची दिली तरी खालीच बसली, सारवलेल्या जमिनीवर.
म्हणाली, मावशी, गोळ्या दोन प्रकारच्या.
एकीत औषध, एकीत काहीच नाही.
तुमाले कोणती भेटन, मले माईत नाही.
डॉक्टरलेही नाही.
मग कोणाले माईत?
नागपुरात एक बंद पाकीट हाय, त्याले.

मी हसले.
लग्नाच्या वेळी माझा फोटोही
पाकिटातूनच गेला होता,
कंबरेपर्यंतचा.

मग तिनं कागद वाचला. आठ पानं.
रक्त किती चमचे, गोळी किती वाजता,
मळमळलं तर फोन कोणाला.
सहाव्या पानावर आलं:
सहभागी व्यक्ती कोणत्याही वेळी,
कारण न देता,
अभ्यासातून बाहेर पडू शकते.

थांब, म्हटलं. पुन्हा वाच.
तिनं पुन्हा वाचलं.
कारण न देता?
न देता.
अन् कोणी रागावणार नाही?
कोणी नाही. उपचार तुमचे चालूच रायतील.

बकरी माझ्या कापडाचा कोपरा चघळत होती,
मी उठले नाही.
बेचाळीस वर्षांत इतकं मोठं दार
कोणी माझ्यासमोर उघडं ठेवलं नव्हतं,
तेही लिहून.
म्हणूनच आत गेले.
सही केली, कौतिका दामाजी गुरनुले,
पूर्ण, वेलांट्यांसकट.
नंबर मिळाला शून्य तीन सात.

रक्त रात्री घ्यायचे, दहानंतर.
किडे दिवसा खोल निजतात म्हणे,
रात्री वर येतात, कातडीजवळ,
डासांच्या वेळेला.
मीही तशीच.
दिवसभर पातळात पाय झाकून बसलेली,
अन् आता रोज रात्री दार लावून तोच पाय
घमेल्यात ठेवून धुणारी.
कोमट पाणी, साबण, बोटांच्या बेचक्या
एकेक कोरड्या करायच्या,
अस्तराच्या उरलेल्या चिंध्यांनी.
पहिला महिना किळस आली. खोटं कशाला सांगू.
पुढं हाताला पाय ओळखीचा झाला.

दर दोन महिन्यांनी माप:
घोटा, पोटरी, गुडघ्याखाली चार बोटं.
अख्ख्या गावाचं माप मी घेतलं,
माझं घेणारी ही पहिली.
एकदा तिचा टेप नागभीडलाच राहिला.
मी माझा दिला, म्हटलं,
याचे पहिले दोन सेंटीमीटर झिजले,
तेवढे वजा करून लिही.
असं चालत नाही मावशी, म्हणाली,
टेप तोच पायजे.
मी रुसले. याच टेपवर पाटलाच्या सुनेचं पोलकं
मापात बसलं होतं.
दिवेलागणीला ती परत आली, बावीस किलोमीटर जाऊन,
हेल्मेट न काढताच माप घेतलं.

दोन वर्षांनी पाकीट फोडलं.
माझ्या गोळीत काहीच नव्हतं.
पाय मात्र घोट्याशी तीन सेंटीमीटर उतरलेला,
धुण्यानं, म्हणाले.
शेजारची अनसूया खिदळली,
दोन वर्षं मैदा गिळला काय वं?
मैदा तर मैदा.
ज्याच्या गोळीत औषध होतं
त्याचा पाय किती उतरला ते कळायला
कोणाचा तरी पाय शेजारी ठेवावा लागतो.
हे तिला बोलले नाही.
तिच्या पोलक्याची बाही दंडाला रुतत होती,
तेवढी उसवून दिली.

परवा रोशनी पुन्हा दारात.
नवा अभ्यास, या खेपेला अकरा पानं.
मी चष्मा लावला,
मशीनचं चाक हातानं थांबवलं.
बाकी वाचशील मागून, म्हटलं,
आधी ते वाक्य कुठं हाय, ते दाखव.