काशा

सत्तावीस वर्षं मी चिठ्ठ्या लिहिल्या.
कॉलेजच्या वनस्पती विभागात, मागच्या खोलीत,
जिथं सोलापूरच्या मेमध्ये बाटलीतला डिंक पातळ व्हायचा
आणि दाबलेली पानं उडतील म्हणून
पंखा बंद ठेवायचा.

पहिली चिठ्ठी हरळीची.
किल्ल्याच्या खंदकातून आणलेली, तीन पेरं, एक तुरा.
हत्तुरे सरांनी अक्षर न् अक्षर सांगितलं:
सायनोडॉन डॅक्टिलॉन.
मी विचारलं, सर, खाली हरळी लिहू?
म्हणाले, लिही की. मग गरिक लिही, तुझी आई तेच म्हणते.
माझी आई गरिके म्हणते, तेही लिही.
आपला मौला दूब म्हणतो.
चिठ्ठी संपली. गवत कुठं चिकटवणार?

गरिक आणि गरिके. एका मात्रेचं अंतर.
तेवढ्यावरून अशोक चौकात
चहाचे ग्लास आदळलेले मी पाहिलेत.
सर म्हणायचे, लॅटिन कुणाचीच आई नाही आता,
म्हणून तिच्यावरून कुणाचं डोकं फुटत नाही.
मेली आहे, म्हणून हलत नाही.
हलत्या गजानं कुणी कापड मोजतं का?

पटलं मला. विणकराची मुलगी मी.
हंगेरीहून एकदा पत्र आलं,
सगळं डोक्यावरून गेलं, दोन शब्द सोडून.
ते दोन शब्द बघून
परक्या स्टँडवर गल्लीतलं माणूस भेटावं
तसं झालं.

मग एका दुपारी लाईट गेलेली,
खिडकीशी बसून मी जाडा कोश उघडला.
सायनोडॉन: कुत्र्याचा दात.
डॅक्टिलॉन: बोट.
आणि शब्द मुळात ग्रीक, लॅटिनचा नुसता सदरा.
हसूच फुटलं.
म्हणजे कुठल्या तरी डोंगरावर
शेरडांमागं फिरणारा कुणी खाली वाकला,
टोकदार कोंब बघून म्हणाला, हा तर कुत्र्याचा दात!
एवढा शास्त्राचा कोट, आणि आत हे कुत्रं.

संस्कृतच्या आगाशेबाईंना विचारलं.
शतपर्विका, त्या म्हणाल्या, शंभर पेरांची.
मी खंदकात उतरून सगळ्यात लांब धावा मोजला.
एक्केचाळीस.
तिथंही कुणीतरी रंगवूनच सांगितलं होतं.

हे सगळं मी वडिलांना सांगितलं, माग चालू असताना.
वाटलं, ताणा आणि बाणा असं काहीतरी बोलतील,
एक स्थिर, एक धावता, मला वहीत लिहिता येईल.
ते म्हणाले, तिकडं दोरा तुटलाय बघ.

पुस्तकात मूलक्षोड होतं.
मुलं पाठ करायची, पेपरात लिहायची,
बाहेर पडताना वऱ्हांड्यात सोडून जायची.
माळी रेवणसिद्ध कुदळ टेकवून म्हणाला,
वरनं कापून काय उपेग हाय ओ म्याडम,
काशा येचाय पायजेत,
एक राहिली तरी पावसाळ्यात परत रान भरतंय.

काशा. मी तळहातावर लिहून आणलं.
विद्येसाठी लोक काशीला गेले, पिढ्यान् पिढ्या,
आणि इथं पायाखाली
ह्या अनेकवचनी काशा, चिखल लागलेल्या,
न बोलावता पुढं पुढं सरकणाऱ्या.

सरांना दाखवलं. निवृत्तीला आठवडा राहिला होता.
कुठल्या ग्रंथात आहे?
कुठल्याच नाही, सर.
बराच वेळ चष्मा पुसत बसले.
मग कपाट उघडून ती पहिली चिठ्ठी काढली,
आणि माझ्या शाईच्या लॅटिनखाली
पेन्सिलीनं, बारीक, स्वतः लिहिलं:
काशा
आणि पुढं एक प्रश्नचिन्ह.

कोणती भाषा बरी, मला अजून विचारतात नव्या मुली.
मी म्हणते, चिठ्ठी लहान असते गं.
शाई पिवळी पडत चाललीय.
पेन्सिल तशीच आहे.
प्रश्नचिन्ह मी खोडलेलं नाही,
ते माझं नव्हे.