नदी उभी आहे

चार दिवसांचं काम दीड दिवसात आटोपलं.
बॉलबेअरिंगची खोकी मोजली, सह्या झाल्या,
आणि समारात मी उरलो
परक्या देशाच्या सुट्या नाण्यांसारखे
अडीच दिवस खिशात वाजवत.

घरमालकीण राईसा ल्वोव्हना सकाळी
मोठ्या खिडकीच्या पोटातली वहीएवढी झडप उघडते,
हात बाहेर काढते,
कापडाचा पोत बघावा तशी हवा बोटांत चोळते
आणि जाहीर करते : आज ऊब आहे.
उणे अकरा.

मी विचारलं, वोल्गा कुठल्या बाजूला?
तिचं उत्तर फोनने मराठीत सांगितलं :
खाली जा. पण नदी उभी आहे,
डिसेंबरच्या नऊ तारखेपासून.

वाटलं, यंत्राचा पाय घसरला.
आमच्याकडे नदी आटते, फुगते, कोपते, पात्र सोडते.
उभं असतं ते पीक,
उभा राहतो तो उमेदवार.

उतारावर दोन बायका पहारीने फुटपाथ सोलत होत्या.
नाकातले केस तारेसारखे टोचत होते.
खाली पुळण, तिच्यावर पोहणाऱ्यांनी कपडे बदलायच्या कोठड्या
मांडीभर बर्फात;
एकीच्या दारावर उन्हाळ्यात कुणीतरी विसरलेला टॉवेल,
पत्र्यासारखा ताठ.
मी नदी शोधत चालत राहिलो.
मागे वळलो तेव्हा शहर लांब, लहान,
आणि मी बराच वेळ नदीवरच.

घोंघावत एक बोट आली,
हवेच्या फुगीर गादीवर बसलेली.
आत पलीकडच्या गावची माणसं,
मांडीवर केकचा खोका सांभाळणारा एक पोरगा.
गेली. पांढरी धूळ उडाली. पुन्हा काही नाही.

मग तो : उलट्या पेटीवर बसलेला,
भुवयांवर मीठ सांडल्यासारखा.
छातीवर हात ठेवून म्हणाला, तल्गात.
मीही माझं नाव सांगितलं; त्याने ते दोनदा चावून पाहिलं
आणि थर्मासमधला चहा पुढे केला.
मी फोन काढला.
फोन थंडीने मेला होता.

आता माझ्याकडे रशियनचे तीन शब्द :
धन्यवाद, किती, आणि बेअरिंग.

मी बर्फावर टाच आपटली,
तळवा आडवा धरला : थांबली? झोपली?
तो हसला नाही. बाही ओढून मला खाली बसवलं.
बर्फात ताटलीएवढं भोक,
भोकात पाणी, काळं,
इतकं काळं की आधी ते पाणी वाटलंच नाही.
त्यात सोडलेली बारीक दोरी.
त्याने बोट दाखवलं, वाट पाहिली,
वर्गातल्या मागच्या बाकाकडे पाहावं तसं पाहिलं माझ्याकडे.

दोरी सरळ खाली जात नव्हती.
दोरी तिरकी होती.

मासे मिळाले तीन, करंगळीएवढे.
एक त्याने मला देऊ केला; मी माझे तिन्ही शब्द वापरून
नाही म्हणालो.

साडेचारला सूर्य पलीकडच्या काठामागे गेला,
बर्फ क्षणभर कलिंगडाच्या सालीजवळच्या रंगाचा झाला,
मग निळा, मग नुसताच थंड.

रात्री राईसा ल्वोव्हनाने सूप वाढता वाढता
भुवया उंचावून विचारलं. फोन चार्जिंगला होता.
मी टेबलावर एक बोट उभं धरलं,
आणि हळूच कलतं केलं.

तिने पळी खाली ठेवली.
दा, म्हणाली. दा.
आणि माझ्या ताटलीत आणखी एक बटाटा टाकला.