सहा की नऊ

ऐरोलीहून आलेला मुलगा, नाव कैवल्य,
गिटार माझ्या पलंगावर आडवी ठेवतो
तापातलं पोर ठेवावं तशी.
मानेमागची पट्टी दाखवतो. चार स्क्रू, मधे नंबर.
म्हणतो, पहिले दोन आकडे म्हणजे साल.
आठ, सहा. शहाऐंशी.
बरोबर ना, मावशी?

चष्मा शोधत बसत नाही. बोट फिरवते.
हा माझाच हात.

पहिला आठ सगळ्यांवरच आहे, बाळा.
बलसारा साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं, आठ लाभेल.
लाभला नाही.
दुसरा आकडा लाकडाच्या गाडीचा. पुढचे चार, मोजणी.
साल कुठेच नाही.
साहेब म्हणायचे, साल घातलं की माल शिळा होतो.

आणि तो सहा आहे कशावरून?
पंचांच्या पेटीत दहा खाचे, पंच नऊच.
सहाचाच उलटा धरला की नऊ.
पगाराच्या दिवशी, सहाचा भोंगा व्हायला आलेला असताना
काय काय उलटं मारलं असेल मी, देव जाणे.

वही होती ना. लाल कापडी बांधणीची.
कंपनी बंद झाली तेव्हा रद्दीत गेली,
किलोला किती मिळाले तेही वॉचमनने सांगितलं नाही.
रोड नंबर सोळावर आता काचेची इमारत आहे.
मागे एकदा गेले, तर गळ्यात पट्टा घातलेला पोरगा विचारतो,
कुणाकडे जायचंय?

मुलगा फोनमधलं काहीतरी बंद करतो.
चेहरा पडतो त्याचा. मला दया येते.
थांब, म्हणते. दिव्याखाली धर.

हा चार बघ. कोपरा उडालाय.
पास्कूने त्या पंचाने रॉकेलच्या डब्याचं झाकण उचकटलं होतं,
त्र्याऐंशीची नारळी पौर्णिमा, त्याला कोळीवाड्यात जायची घाई.
नवा चार आला दिवाळीनंतर.
म्हणजे मधले तीन महिने.

आता ओळ बघ आकड्यांची.
उजवीकडे चढत गेलीय, घाटातल्या एसटीसारखी.
आधीच्या माझ्या ओळी सरळ. नंतरच्याही सरळ.
मला सातवा लागला होता.
पोट टेबलाला अडायचं, म्हणून कुशीवर उभी राहून मारायचे.
वरून ठोका, आतून लाथ.
एक आकडा, एक लाथ.
शून्याला कधी कधी चुकायची.

गौरी गेल्या होत्या, घट बसायचे होते.
पितृपक्षात दुकानदार नवा माल उचलत नसत,
पट्ट्या साठल्या, आणि साठलेल्या एकट्या मी मारल्या.
लिही. सप्टेंबर अखेर, त्र्याऐंशी.
सहा की नऊ, ते मात्र मला विचारू नकोस.

तो लिहितो. मग दबकत विचारतो,
घेणाऱ्याला काही पुरावा लागेल. बिल, फोटो, काहीही.
पुरावा नेरुळला राहतो, म्हटलं.
बँकेत आहे. दोन मुलं आहेत त्याला. रविवारी येतो.
तो मान डोलावतो, काहीच न कळलेल्या माणसासारखी.

चहा निवला.
मी म्हटलं, वाजव की.
अकरा वर्षं आकडे मारले, वाजलेली एकही ऐकली नाही.
टेस्टिंग पलीकडच्या खोलीत, दार बंद,
तिथे पास्कूचं राज्य. आमच्याकडे फक्त ठोके.

अॅम्प नाही आणला, म्हणतो, आणि कानापर्यंत लाल होतो.
तशीच एक तार छेडतो.
बिस्किटाच्या डब्यावर ताणलेल्या रबराएवढा आवाज.
एवढाच?
प्लग लावल्याशिवाय एवढाच, मावशी.

खाली रिक्षावाला कुणाशी तरी सुट्ट्यांवरून भांडतोय.
मी उठून खिडकी लावते.
पट्टीवर अंगठा ठेवते, तुटक्या चारवर,
धातू अजून थरथरतोय बारीक, थांबता थांबत नाही.

पुन्हा, म्हटलं.
आता ती जाड तार.