अडीच इंच

टर्बो भंगारात मिळाला, तो प्रश्न नव्हता.
कारखान्याच्या लिलावातली जीपही उभी होती दारात,
जाळीमागे ट्रकचा इंटरकूलर बसवून.
राहिली होती फक्त मधली वाट:
तापलेला वारा थंड होऊन इंजिनात शिरेल
एवढी सहा-सात फुटांची नळी.

उद्यमनगरात भूपाल उपाध्ये म्हणाला,
"ताई, सायलेन्सरचा पाइप घ्या, एमएस. स्वस्त.
कुणीबी वेल्डिंग मारतंय."
मी आतून बोट फिरवलं. तांबूस पूड आली.
फाउंड्रीच्या लॅबमध्ये अकरा वर्षं
असलीच पूड कागदावर झटकून तोलते मी.
ती इंजिनाच्या पोटात नको.

मग त्यानं स्टेनलेस काढलं, तीनशेचार,
दुधाच्या किटलीसारखं लखलखीत.
नखानं टिचकी मारली तर
पंगतीतल्या वाटीचा आवाज.
भाव ऐकला आणि हात मागे घेतला.
"साहेबांना विचारून या," तो म्हणाला.
साहेब नाहीत, म्हटलं. जीप माझीय.
त्यावर त्यानं चहा मागवला
आणि भाव तेवढाच ठेवला.

शेजारच्या पोरानं पीव्हीसी सुचवली.
त्याला मी फक्त बॉनेटखाली हात धरायला सांगितलं.

मला अ‍ॅल्युमिनियम हवं होतं. हलकं,
रागावून लगेच विसरणाऱ्या माणसासारखं,
उष्णता धरून न बसणारं.
सापडलं शिरोलीच्या भंगारात:
तुषार सिंचनाचे जुने पाइप, अडीच इंची,
कुणाच्या तरी भुईमुगावर दहा वर्षं पाऊस पाडून थकलेले.
किलोवर दिले. आत क्षाराचा पांढरा थर,
तो चिंचेच्या पाण्यानं आणि तारेच्या चोथ्यानं काढला.

पण सरळ नळी काय कामाची?
जीपच्या नाकापासून घशापर्यंत तीन वळणं.
करवतीनं तिरकं कापून जोडूया, हे दिग्या सुताराचं मत.
त्याच्याकडे आर्गॉन आहे, त्याला सगळीकडे जोडच दिसतात.

पापाच्या तिकटीमागे मस्तान शिकलगार
बँडची वाद्यं दुरुस्त करतात.
भिंतीला तीन युफोनियम, एक चेपलेला ट्रॉम्बोन.
नळी हातात घेऊन त्यांनी आधी फुंकर मारली.
"वाऱ्याला कोपरा चालत नाही," म्हणाले,
"तिथं तो भांडत बसतो. सूर मरतो."
इथं सूर नाही चाचा, दाब आहे. आठ पौंड.
"मग जोरातला सूर म्हण."

वाळू मी नेली, फाउंड्रीची, तव्यावर भाजून;
ओल राहिली तर वाफ बूच उडवते.
ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं.
चाचांनी वरून धुण्याचा साबण घासला
आणि गॅसची ज्योत फिरवली, हळू,
साबण काळा पडेपर्यंत.
"काळा झाला की मऊ झालं. त्याच्या पुढं गेलीस
तर डोळ्यांदेखत गळेल.
हे लोखंडासारखं लाल होऊन सांगत नाही."

बाभळीच्या ओंडक्याभोवती दोघांनी ती वळवली.
एक सुरकुती नाही.
वाळू ओतून मी आत डोळा लावला:
पलीकडचं काही दिसेना,
उजेड मात्र येत होता.

"तोंडाला कड काढून घे," ते मागून म्हणाले,
"नाहीतर रबर सरकेल."
मी हो म्हटलं. मी वळणच बघत होते.

रविवारी वाघबीळच्या चढाला, तिसऱ्या गिअरमध्ये,
कुणी मागून ढकलावं तशी जीपनं उसळी घेतली.
मी ओरडले, एकटीच.
आणि पुढच्याच वळणावर फट्ट,
काळा धूर,
सगळा दाब करवंदीच्या जाळीत.

नळी शाबूत होती. वळणं शाबूत.
सिलिकॉनचा होज लोंबत होता
तिच्या गुळगुळीत, बिनकडेच्या तोंडाखाली.

सोमवारी चाचांचं दुकान बंद.
मंगळवारी गेले तर ते ट्रॉम्बोनमध्ये डोळा घालून बसलेले.
वर न बघता त्यांनी
पायानं स्टूल माझ्याकडं सरकवलं.