एकशे बहात्तर ग्रॅम

कागदावर लिहिलं होतं : शंभर मिलिमीटर,
कमी-जास्त एक दशांश.
आमच्या वर्कशॉपात तोवर
दशांशाला कुणी विचारलं नव्हतं.
खुर्च्यांचे पाय, प्रयोगशाळेचे स्टँड,
एकदा कुलगुरूंच्या गाडीचा नट,
अशी वीस वर्षं गेली नांदेडला, विष्णुपुरीच्या माळावर.

कंधारकर मॅडम म्हणाल्या, पांचाळमामा,
ही चौकट वर जाणार आहे.
वर म्हटलं की आमच्याकडं लोक हात जोडतात.
मी कॅलिपर पुसला.

मे महिना. दुपारी चव्वेचाळीस.
उन्हात धातूही अंग सोडतो, माणसासारखा :
जेवणानंतर मोजली तर पाच शतांश जास्त,
पहाटे मोजली तर मुकाट्यानं जागेवर.
मग शेवटचा कट पहाटेच घ्यायचा ठरलं,
लाईट असली तर.
ज्ञानोबा जांभया देत टॉर्च धरायचा.
तहसीन पूर्णेची, वडील रेल्वेत,
ती म्हणाली, मामा, फुंकू नका हो,
तोंडाची वाफ बसते.
उभ्या जन्मात मला फुंकू नका म्हणणारी पहिलीच.
दुसऱ्या दिवशी ब्रश आणला.

तीन किलो बावन्न ग्रॅमचा ठोकळा.
उरली चौकट : एकशे बहात्तर.
बाकी सगळं कुरळं, चकचकीत
पायाशी पडलं.
बाप माझा विळे ठोकायचा कंधारात.
एवढा धातू फेकलेला बघून
तो त्या रात्री जेवला नसता.

बंगळूरला दोन मिनिटं हलवून बघितली.
एक स्क्रू सुटला.
माझा.
कुणी काही बोललं नाही, तेच लागलं.
चहा पिऊन या म्हणाले, मी गेलो नाही,
बावीसच्या बावीस पुन्हा काढले,
पुन्हा बसवले,
आणि तेविसावा कुठं आहे का
हे उगाच शोधत राहिलो.

ती वर गेली त्या दिवशी
मी सुतारकामाच्या खोलीतला पंखा दुरुस्त करत होतो.
पेढा तिथंच आला.

अँटेना पोरांनीच केली,
वजिराबादेतून मोजपट्टी आणून, तुकडे करून.
मोजायची वस्तू मोजून कापायची,
माझा हात थांबला होता क्षणभर.
गच्चीवर तहसीननं ते पिवळे पाते
लोह्याच्या दिशेला धरले.
आठ मिनिटं मिळतात, म्हणाली, त्यातली तीन कामाची.
खरखर. खरखर.
खाली कुठंतरी बोअरची मोटर सुरू झाली,
ज्ञानोबानं तिला शिवी दिली.
मग त्या खरखरीतून
बारीक शिट्टी आली,
येताना उंच, डोक्यावरून जाताना उतरत गेलेली,
पूर्णेला न थांबणारी एक्स्प्रेस
फलाटावरच्या माणसाला देते तशी.
तहसीन आकडे लिहीत होती आणि रडत होती,
आकडे नीट होते.

मॅडमनी विचारलं, मामा, काय ऐकूलालाव एवढं?
मी म्हटलं, स्क्रू.

दीड-दोन वर्षांनी ती जळून जाईल.
ज्ञानोबा म्हणतो, राखसुद्धा नाही यायची खाली.
तो हे परीक्षेतल्या उत्तरासारखं सांगतो.
मी ऐकून घेतो.
गोडेतेलाच्या डब्यात
सगळा कीस झाडून भरून ठेवलाय मी, लेथच्या मागं.
भंगारवाला बाबूमियाँ दर शनिवारी काटा घेऊन उभा :
द्या की मामा, अॅल्युमिनियमला भाव आहे.
पुढच्या शनिवारी, म्हणतो मी.

दोन किलो आठशे ऐंशी भरायला पाहिजे.
नाही भरणार.
थोडा त्या ब्रशात अडकलाय,
थोडा ज्ञानोबाच्या बुटाला लागून होस्टेलवर गेला,
आणि एक कुरळी तार
तहसीनच्या वहीत, पान खुणेला.
ती मी बघितली,
मागितली नाही.